सखा घरतची साक्ष

सखा घरत आयुष्यभर भीतच जगला, आणि हे तो स्वतःच चारचौघांत सांगे. पेणच्या खारेपाटात, मिठागरावर राबणाऱ्या घरातला त्याचा जन्म. उधाणाच्या दिवसांत बाप बांधावर गेला की तो परत येईस्तोवर सखाच्या घशाखाली घास उतरत नसे. पुढे कबड्डीत त्याचं नाव झालं, तेही भीतीच्याच जोरावर. सामन्याआधी तो मैदानामागे जाऊन ओकून यायचा. पण मधली रेषा ओलांडली की त्याची पावलं हलकी होत. एकाला शिवायचं आणि परत सुटायचं, जास्तीचा लोभ धरायचा नाही. "सखाला धरायचा म्हंजे चिखलातला निवटा मासा धरायचा," असं रोह्याचे खेळाडू म्हणत.

आता त्याची पंचाहत्तरी उलटली होती. मुलगा निकेश डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे शिफ्ट करायचा. घरात सून नमिता आणि नात मृणाली. मृणाली पेणच्या मुलींच्या संघात चढाईला जायची. खेळ आजाचाच उचललेला, भीती मात्र अजिबात नाही.

दिवाळी उलटून गेल्यावर एका दुपारी पांढरी गाडी दारात थांबली. इस्त्रीच्या कपड्यांतला एक तरुण उतरला आणि वाकून सखाच्या पाया पडला. नाव प्रणित. कबड्डीच्या एका नव्या जागतिक संघटनेचा माणूस. त्याने मोबाइलवर एक जुना काळापांढरा फोटो दाखवला. शेताच्या कडेला गोल करून बसलेले दहा-बारा तरुण, आणि त्यांत मांडी घातलेला सखा.

"ही आपल्या संघटनेची स्थापना सभा, काका. रोह्यात झालेली."

सखाला हसू फुटलं. "कसली सभा? अष्टमी गावच्या पोरांशी सामना झाला, मंग आमी मडक्यात पोपटी लावली. वालाच्या शेंगा खातोय आमी त्याच्यात."

प्रणित हसला नाही. त्याने शांतपणे सगळं समजावलं. जगात कबड्डीच्या दोन संघटना झाल्यात. खरी कुणाची, यावर खटला चालू आहे. जी जुनी ठरेल तिच्याकडे खेळाचा वारसा, तिच्याच हातून पुढे देशोदेशीच्या स्पर्धा. फोटोतले बाकी सगळे वारलेत. सखाने फक्त रोह्याच्या समारंभात उभं राहून 'होय' म्हणायचं.

"पण तवा असली संघटना नव्हतीच रं," सखा म्हणाला. "बीजिंगच्या एशियाडला खेळ गेला तो किती वर्सांनी. आणि जागतिक संघटना त्याच्याबी मागून."

"म्हणूनच तर तुम्ही हवेत." प्रणित चपला घालताना थांबला. "तुमची नात संध्याकाळच्या एसटीने येते ना? फाट्यापासून घरापर्यंत बांधावरून एकटीच चालते. रस्ता सुना आहे, काका. जपायला पाहिजे."

गाडी गेली. सखा तिथेच उंबऱ्यावर बसून राहिला. नमिताने विचारलं, "बाबा, काय बोलला तो?" मृणालीची एसटी किती वाजता येते, एवढंच त्याने विचारलं.

त्या दिवसापासून घरावर सावट आलं. पांढरी गाडी कधी फाट्यावर दिसे, कधी बांधाच्या तोंडाशी उभी. आत कोण आहे ते काळ्या काचांतून कळत नसे. ती नुसती उभी राही. नमिता रोज संध्याकाळी हातातलं काम टाकून फाट्यावर जाऊ लागली. मग एके दिवशी मृणालीला नवे बूट आले आणि तिचं नाव मोठ्या शिबिरात लागल्याचा फोन आला. सखाला ते बूट दारात बघवेनात.

"एक शब्द तर बोलायचाय," निकेश चिडून म्हणाला. "व्हय म्हणा नि मोकळे व्हा. आपल्याला काय करायचंय कोणाची संघटना जुनी नि कोणाची नवी?"

"आजा, खोटं कशापायी बोलायचं?" मृणालीने विचारलं.

"तुना भीती ठाव नाय गो," सखा म्हणाला. त्याने मनाशी ठरवलं होतं. तो 'व्हय' म्हणणार होता.

समारंभाच्या सकाळी तीच गाडी न्यायला आली. मृणालीलाही सोबत बसवलं. वडखळ गेलं, नागोठणं गेलं. सखा मनातल्या मनात तो एकच शब्द घोकत होता. रोह्याच्या सभागृहात शिरताच मृणालीला संघटनेचं जॅकेट घालून पहिल्या रांगेत बसवलं गेलं, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन आडदांड माणसं बसली.

सखाला मंचावर नेलं. मागच्या पडद्यावर तो फोटो भिंतीएवढा झाला होता. पोपटीचं मडकं कापून टाकलं होतं. प्रत्येक चेहऱ्याखाली नाव होतं. सखाने स्वतःचं शोधलं, मग शेजारचं बघितलं, आणि त्याला आतून धक्का बसला.

शेजारी कान्हू बसला होता. कान्हू, त्यांच्या संघाचा कोपरा राखणारा. एकदा पकडीत खांदा निखळला तरी त्याने समोरच्याचा घोटा सोडला नव्हता. तो जाऊनही वर्षं झाली. त्याच्या चेहऱ्याखाली 'संस्थापक अध्यक्ष' असं लिहिलं होतं आणि नाव भलत्याचंच होतं. मंचावर मधल्या खुर्चीत बसलेल्या बड्या असामीच्या बापाचं.

"काका, सांगा," प्रणितने माइक पुढे केला. "त्या दिवशी इथे जागतिक संघटना स्थापन झाली ना?"

सखाने मृणालीकडे पाहिलं. तिच्या शेजारच्या माणसाने हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. 'व्हय' ओठांवर आलंही होतं.

"ह्यो..." त्याचा आवाज चिरकला. "ह्यो कान्हू हाय. ह्ये नाव त्याचं नाय."

सभागृहात चुळबुळ झाली.

"काकांचं वय झाल्यामुळे—"

"कान्हू हाय तो! आमी शेंगा खात होतो तितं. सभा नाय, काय नाय."

माइक बंद पडला. सखा बोलतच होता, पण आवाज पहिल्या रांगेपलीकडे गेला नाही. दोघातिघांनी त्याला दंडाला धरून खाली उतरवलं. मृणाली उठली, तिने जॅकेट काढून खुर्चीवर ठेवलं आणि आजाचा हात धरला. त्यांना कुणी अडवलं नाही. तेच सखाला जास्त भयाण वाटलं.

परतीला गाडी नव्हती. दोघं स्टेशनकडे चालू लागली. मागे एक मोटरसायकल हळूहळू येत होती. ही दोघं थांबली की ती थांबत होती, ही वळली की ती वळत होती. सखाला धाप लागली, शर्ट पाठीला चिकटला. "मागं बघू नको," तो पुटपुटत राहिला. मृणालीने मात्र वळून सरळ त्या माणसाकडे पाहिलं. सखाने तिचं मनगट इतकं घट्ट आवळलं की तिथे वळ उठले. पॅसेंजर सुटेपर्यंत मोटरसायकलवाला स्टेशनबाहेर पाय टेकून उभा होता.

पुढे मृणालीचं नाव शिबिरातून गेलं. त्याचं कारण कुणी सांगितलं नाही. निकेश पंधरा दिवस बापाशी बोलला नाही. संघटनेच्या वेबसाइटवर तो फोटो तसाच राहिला, कान्हूखालचं भलतं नावही तसंच. मग दुसऱ्या बाजूची माणसं पुष्पगुच्छ घेऊन आली. त्यांनाही साक्ष हवी होती, की खेळाचा खरा वारसा त्यांच्याच संघटनेकडे आहे.

"तुमचा जल्म तरी मी कुटं बघलाय?" सखा म्हणाला आणि गुच्छ परत दिला. तीही माणसं गेली. जाताना त्यांनी घराचा फोटो काढला. कशाला, ते कुणालाच कळलं नाही.

दार ठोठावलं की सखा अजून दचकतो. माघात पेणला मुलींचे सामने झाले तेव्हा तो गेला होता. आत मृणाली चढाईला निघाली तशी माणसं ओरडायला लागली. सखा मात्र मैदानाच्या फाटकाशी, खेळाकडे पाठ करून उभा राहिला, आणि येणारी प्रत्येक गाडी ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.