पुतळा समितीच्या बाई

प्रा. ओडेसा विंबर्ली, गणित विभाग, अलाबामातील एक सरकारी विद्यापीठ. वर्ण : काळा. पुतळा समिती, नामांतर समिती आणि सलोखा समिती यांच्या कायम सदस्य. विद्यापीठाच्या ‘आपलेपणा’ या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छायाचित्र.

गुलामगिरी टिकावी म्हणून लढलेल्या सैन्यातल्या शिपायाचा पुतळा आवारातून हलवावा, एवढंच ओडेसाबाईंना हवं होतं. समितीत दर गुरुवारी त्यांच्यासमोर माजी विद्यार्थी संघाचे म्हातारे थर्लो हार्गेट बसत. त्यांचे खापरपणजोबा त्याच सैन्यात होते.

“बाई, बिचारा नुसता उभा आहे. तुमचं काय खातो?”

“तो काही खात नाही, थर्लोसाहेब. दर गुरुवारी मी आणलेला केक तुम्ही खाता.”

अखेर पुतळा हलला आणि समित्या बरखास्त झाल्या. “आता तुम्ही मोकळ्या,” असं म्हणून कुलगुरूंनी हात मिळवला. थर्लो शेवटच्या बैठकीला आलेच नाहीत.

पुढच्या गुरुवारी ओडेसाबाईंनी सवयीने लिंबाचा केक केला आणि तो घेऊन त्या प्राध्यापकांच्या भोजनगृहात चार खुर्च्यांच्या टेबलाशी जाऊन बसल्या. जेवणाच्या सुट्टीत तिघे सहकारी एकेक करून जवळ आले. “इथे कोणी बसतंय का?” असं प्रत्येकाने अदबीने विचारलं, आणि खुर्ची उचलून नेली.