मयताला घरटी एक

आमच्या आगाशीकडच्या गावात कुणी गेलं की चर्चची घंटा थांबून थांबून वाजते. कोण गेलं, मयत किती वाजता, हे विचारत माणसं ओट्यावर येतात, आणि मग घरटी एक माणूस मयताला जातो. आमच्या घरचा माणूस म्हणजे बाबा. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, तरी केळीच्या बागेत स्वतः पाणी सोडायचे आणि मयताला लग्नातला काळा कोट घालून जायचे.

त्या एप्रिलात मोबाइलवर उष्णतेच्या लाटेचे इशारे येत होते आणि घंटा काही थांबत नव्हती. समुद्र एवढा जवळ, पण वारा पडलेला. रात्रीसुद्धा भिंतींना हात लावावासा वाटत नसे. जाणारी सगळी म्हातारी माणसं. कुणाचं हृदय बंद पडलं, कुणी झोपेतच गेलं. उन्हाने मेलं असं कुणी म्हणत नव्हतं.

आमच्याकडे चर्चमध्ये चारची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, मग शवपेटीमागून दफनभूमीपर्यंत चालत जायचं, आणि मूठभर माती देईपर्यंत उघड्यावर रांगेत उभं राहायचं. एका मयताला शेजारची म्हातारी बाबांच्या पुढे उभी होती. पुढचं मयत तिचंच होतं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माणसं मयताला येऊन मरत होती! हे ज्याला ज्याला सांगितलं, त्याने मलाच ऊन लागलंय असं समजून कोकम सरबत दिलं.

मी फादरांकडे गेले. म्हटलं, "मयत सकाळी सातला घ्या हो."

"मला पटतं, बाळा," ते म्हणाले. "पण पाहुणे लांबून येतात. वेळ घरचेच ठरवतात."

घरी येऊन मी जाहीर केलं, "यापुढे आपल्या घरचं माणूस म्हणजे मी."

बाबा हसले. "तुझी कटकट ऐकून मेलेला उठून बसेल."

मग त्यांचा शाळेपासूनचा मित्र गेला. मी छत्री घेऊन बरोबर गेले. दफनभूमीत ती बाबांच्या डोक्यावर धरली, तर त्यांनी हाताने बाजूला सारली. "मयताला छत्री? पावसाळा आहे काय?" पाण्याची बाटली पुढे केली, तर म्हणाले, "माती दिल्याशिवाय पानी नाय." माझा संताप संताप झाला. पण चारचौघांत बापाच्या तोंडात पाणी कसं ओतणार?

घरी आल्यावर ते ओट्यावर बसले आणि बागेत पाणी सोडायला हवं, असं पुन्हा पुन्हा म्हणू लागले. जीभ जड झाली होती. अंगाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा टिपूस नाही. मी कोट ओढून काढला, ओली चादर गुंडाळली, बर्फ लावला, रिक्षात घातलं. वाटेत मला ते आईच्या नावाने हाक मारत होते. आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. दवाखान्यात त्यांना तपासायला घेतलं आणि थोड्याच वेळात डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, हृदय थांबलं.

भाऊ आखातातून दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचणार होता. बापाचं तोंड त्याला बघू द्यायला हवं होतं. म्हणजे मयत पुन्हा चारलाच. मी फादरांच्या हातापाया पडले, "निदान घंटा तरी वाजवू नका."

आत्या भडकली. "माझ्या भावाला चोरासारखा पुरतेस?"

मी ऐकलं नाही. घंटा वाजली नाही. पण साडेतीनला चर्चच्या फाटकात उभी राहिले, तर रस्त्याने सगळी म्हातारी येताना दिसली. काळे कोट, ठेवणीतली लुगडी, हातात काठ्या. मी एकेकाला अडवत होते. "घरी जा. तुमच्या पाया पडते, घरी जा."

एका आजीने माझ्या गालावरून हात फिरवला. "तुझा बाप आमच्याकडच्या सगळ्यांच्या मातीला आला. आनि आमी घरात बसू?"

"तो मातीला येऊनच मेला!" मी किंचाळले.

मला वेड लागलंय असं वाटून भावाने माझा दंड धरला. बाटल्या घेऊन मी रांगेतून फिरले. सगळ्यांनी माना हलवल्या, माती दिल्यावर पिऊ म्हणाले.

पेटी खाली सोडली तेव्हा आत्याने हंबरडा फोडला. मी रडलेच नाही. सगळ्यांना वाटलं, मुलगी दगड झाली. पण माझं बाबांकडे लक्षच नव्हतं. मी रांगेतल्या एकेका तोंडाकडे बघत होते, यातलं आता कोण जाणार म्हणून.