भूकंप म्हणायचं नाही

रोज संध्याकाळी आई फोनवर विचारायची, "आज काय झालं गं?" आता तिला काय सांगणार? आज दोनदा जमीन हलली म्हटलं, तर ती तिकडे रोह्यात रात्रीची जेवायची नाही. मग मी आमच्या स्टाफरूममधलं काहीतरी सांगायची. ती हसली की फोन ठेवायचा. असं करता करता किश्श्यांचा हा एवढा ढीग झाला. वाईट दिवसांत किस्से जरा जास्तच पिकतात की काय कोण जाणे!

शाळा तलासरीजवळची, खाजगी आणि छोटी. स्टाफरूममध्ये आम्ही चौघं. हेडमास्तर मोरे सर, गणिताच्या परमार बाई, शिपाई काशीनाथमामा आणि मी. मी लग्न होऊन इथे आलेली, नवीन, आणि गप्प बसणारी. गप्प बसणाऱ्याला सगळं ऐकू येतं.

२०१८च्या दिवाळीनंतर धक्के सुरू झाले. पहिला मोठा धक्का बसला आणि मोरे सरांच्या बायकोनं, अस्मितावहिनींनी, चार वर्षांच्या गार्गीला उचललं आणि माहेरची, नाशिकची एसटी धरली. "थांबलं की येते," एवढंच म्हणाल्या.

ते काही थांबेना. म्हणून मग सरांनी पॉझिटिव्ह व्हायचं ठरवलं!

*

सर कुठलंसं दोन दिवसांचं शिबिर करून आले. विषय, सकारात्मक विचारातून आनंद. आल्या आल्या पहिला नियम जाहीर झाला. शाळेत 'भूकंप' हा शब्द उच्चारायचा नाही. "शब्दातून भीती येते. आपण 'हालचाल' म्हणू या."

आम्ही मान डोलावली. दुसऱ्याच दिवशी, मधल्या सुट्टीच्या जरा आधी, खालून ट्रक गेल्यासारखा आवाज आला. बाकं थरथरली. मुलं मैदानात पळाली. सगळं शांत झाल्यावर काशीनाथमामा ऑफिसच्या दारात येऊन अदबीनं उभे राहिले.

"सर, हालचालीनं मुतारी पडली!"

*

दुपारच्या सुट्टीत सर वहिनींना व्हिडिओ कॉल लावायचे. स्टाफरूममधूनच. आणि फोन आमच्या तोंडावरून फिरवायचे. "बघ, सगळे कसे मजेत आहेत! काहीही नाहीये इकडे!" आम्ही घास तोंडात धरून हसायचं आणि हात हलवायचे.

एकदा नेमका कॉल चालू असताना धक्का आला. पंखा झुलायला लागला. छताचा एक पोपडा सुटून थेट परमार बाईंच्या डब्यात! सरांचा हातही हलला, पण आवाज नाही हलला.

"नेटवर्क गं, नेटवर्क! चित्र हलतंय बघ!"

पलीकडून वहिनी फक्त बघत होत्या. परमार बाई शेवटपर्यंत हसत राहिल्या. फोन बंद झाल्यावर म्हणाल्या, "कढीत माती पडली तरी मी हसली! एवढी तर मी सासूसमोर पण नाय हसली कधी!"

*

सासूवरून आठवलं. मी दिवाळसण करून माहेराहून परतले आणि त्याच आठवड्यात जमीन हलायला लागली. आता या दोन गोष्टींचा संबंध काय? पण आमच्या सासूबाईंनी तो ताबडतोब लावला. शेजारच्या काकू आल्या की अंगणात घातलेल्या मांडवात बसून, मला ऐकू जाईल अशा बेतानं त्या म्हणायच्या, "इतकी वर्षं काही हललं नव्हतं हो. पायगुण म्हणतात तो हाच!"

नवरा उंबरगावच्या कंपनीत शिफ्टला. तो घरी येऊन झोपायचा, उठून कंपनीत जायचा. त्याला सांगितलं तर म्हणाला, "सोडून दे ना." कुठे सोडू, ते नाही सांगितलं.

एक दिवस शाळेत मला रडू आवरेना. परमार बाईंनी कारण काढून घेतलं आणि सरांना जाऊन सांगितलं. सरांनी मला बोलावलं. क्षणभर विचार केला आणि चेहरा उजळून म्हणाले,

"मॅडम, पॉझिटिव्ह घ्या! दोन तालुके हलवणारी सून अख्ख्या महाराष्ट्रात दुसरी नाही!"

*

जानेवारीपासून वर्ग मैदानात भरायला लागले. धक्का बसला की मुलं रडायची, एकमेकांना धरायची. सरांनी त्यावर हास्ययोग काढला. जमीन हलली की हात वर करायचे आणि मोठ्यानं हसायचं. हा हा हा! आठवडाभर प्रॅक्टिस झाली. पोरं हुशार, लगेच शिकली.

आम्ही तालुक्याला ताडपत्र्या मागितल्या होत्या. त्यासाठी पाहणीला एक साहेब आले. सर त्यांना मोजमाप दाखवत असतानाच जमीन हलली. साहेब घाबरून खालीच बसले. आणि समोर शंभरेक पोरं हात वर करून हा हा हा! त्यातली पहिलीची दोघं-तिघं हसता हसता ढसाढसा रडत होती, पण हात खाली नाही!

साहेब उठले, पँट झटकली, घाईघाईनं काहीतरी लिहून घेतलं आणि गेले.

पंधरवड्यानं मंजुरी आली. ताडपत्र्या नाहीत. समुपदेशक!

*

परिपाठाला रोज एका मुलानं आपल्याबरोबर घडलेली एक चांगली गोष्ट सांगायची, हाही सरांचाच नियम. एका सकाळी पाड्यावरची चौथीतली सुमन उभी राहिली. बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

"सांग बाळ, काहीतरी चांगलं असतंच!" सर म्हणाले.

"आमचे घराची भिंत पडली," सुमन म्हणाली, "ते बेस झाला. आजीला चालता नाय येत. रोज उचलून बाहेर न्यायला लागायची. आता ती हाय तिथंच बाहेर हाय."

सरांनी टाळ्या वाजवल्या. मुलांनी वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. काय करणार!

*

चैत्रात विवळवेढ्याची महालक्ष्मीची जत्रा. त्यासाठी अस्मितावहिनी गार्गीला घेऊन चार दिवस यायला तयार झाल्या. सरांनी ती बातमी आम्हाला उभं राहून सांगितली.

मग घराची तयारी. भिंतींना भेगा होत्या. सर आणि काशीनाथमामांनी त्या सिमेंटनं बुजवल्या, वरून चुना मारला. पण चुना वाळला आणि प्रत्येक भेग होती त्याहून ठसठशीत दिसायला लागली. शेवटी सरांनी त्या प्रत्येकीवर एकेक कॅलेंडर लावलं. किराणावाल्याचं, बँकेचं, औषधवाल्याचं. मिळेल ते.

काशीनाथमामा मागे सरून बघत म्हणाले, "सर, वहिनींना वाटंल तुम्ही लय दिस मोजत बसले होते."

सर त्या दिवशी पहिल्यांदा काही पॉझिटिव्ह बोलले नाहीत.

*

वहिनी आल्या. आणि काय सांगू, त्या चार दिवसांत एकही धक्का नाही! कधी नव्हे तो पंखासुद्धा सरळ फिरत होता. आम्ही सगळे श्वास रोखून. परमार बाईंनी तर देवीला नारळ बोलला होता. जत्रेत सरांनी गार्गीला खांद्यावर घेतलं, पाळण्यात बसवलं, वहिनींना बांगड्या भरल्या. भेटेल त्याला सांगत होते, "बघितलंत? मनात चांगलं आणलं की जमीनसुद्धा ऐकते!"

परतीच्या दिवशी सरांनी आम्हाला तलासरीच्या स्टँडवर बोलावलं. "सगळ्यांनी हसत निरोप द्यायचा. जूनमध्ये कायमची येईल ती. आता न यायला कारणच नाही!"

नाशिकची एसटी लागली. सरांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, मग आत चढले, बॅग वर चढवली, गार्गीला खिडकीशी बसवलं. परमार बाई पाण्याची बाटली आणायला गेल्या. खाली मी आणि वहिनी, दोघीच.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "बरं झालं ना वहिनी, एकदासुद्धा हललं नाही."

वहिनींनी बसकडे पाहिलं. आत सर उठून कंडक्टरला कसलीतरी सूचना देत होते. वहिनींच्या हातातल्या नव्या बांगड्या वाजल्या. त्यांनी त्या दुसऱ्या हातानं दाबून धरल्या.

"एकदा तरी हलायला हवं होतं गं," त्या हळूच म्हणाल्या. "आता आईला कारण काय सांगू?"