भुलाबाईच्या दिवसांतली घरची शाळा

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नवऱ्याची बदली साताऱ्याहून नागपूरला झाली ती ऐन सप्टेंबरात. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सध्या घरी शिकवा. दिवाळीच्या सुट्टीआधी परीक्षा घेते. जमलं तर बसवू, नाहीतर जूनमध्ये पुन्हा त्याच वर्गात." थोरली पाचवीतली, धाकटी दुसरीतली. दोघींचं वर्ष माझ्या हातात होतं.

मी वेळापत्रक केलं. सकाळी गणित, दुपारी मराठी, संध्याकाळी शुद्धलेखन. मला एका जागी बसवत नसे. पोळ्या लाटतानाही प्रश्न विचारायची आणि पोळी करपायची.

दसऱ्याला सकाळपासून पांढऱ्या कपड्यांतली माणसं दीक्षाभूमीकडे चालली होती, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं. धाकटी खिडकीतून हटेना.

"सगळ्यांना सुट्टी आहे. आपल्याला कधी?"

"तुम्हाला शाळाच नाही, सुट्टी कसली?" म्हणत मी वही पुढे सरकवली.

तेवढ्यात शेजारीण सोनं द्यायला आली. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवून तिने वह्यांकडे पाहिलं.

"काहून वं ताई, दसऱ्याले पण पाढे?"

"वर्ष जाईल त्यांचं."

"वर्ष कुठं जाते? पोरी तर इथंच बसून राहिल्या."

तिच्याकडे भुलाबाई मांडली होती. कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुली मातीच्या मूर्तींपुढे गाणी म्हणत, मग झाकलेला डबा वाजवून आतला खाऊ ओळखायचा. आमच्याकडे साताऱ्याला भोंडला असायचा, खाऊ तिथेही ओळखत. मी मुलींना अर्धा तास दिला, आल्यावर दहा ओळी लिहायच्या या अटीवर. आणि स्वतः दारात उभी राहिले.

धाकटी वाटेल ते ओरडत होती. चकल्या, पेढे, साबुदाणा. थोरली गप्प.

तिसऱ्या दिवशी शेजारीण मला म्हणाली, "तुमची मोठी बोलतच नाही न. डबा वाजला का तुमच्याकडं पाहाते."

घरी आल्यावर मी थोरलीला विचारलं. ती म्हणाली, "चुकलं तर?"

यावर काय शिकवायचं ते माझ्या वेळापत्रकात नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी दारात उभी राहणं बंद केलं आणि घरातच येरझाऱ्या घालत राहिले. दहा ओळीही सोडून दिल्या. परीक्षा तोंडावर आली होती, त्यामुळे हे शहाणपण की आळस, कळत नव्हतं.

परीक्षेत धाकटी पटकन सुटली. थोरलीने तीन गणितं कोरी सोडली होती. मुख्याध्यापिकांनी कारण विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही जरा बाहेर थांबा," बाई मला म्हणाल्या.

मी व्हरांड्यात गेले. आतून बाईंचा आवाज येत होता, मुलीचा येत नव्हता. मी खांब ते खांब किती वेळा गेले, मोजलं नाही. मग तिचा आवाज आला, आधी हळू, नंतर भरभर. एकदा दोघी हसल्यासुद्धा.

तिला पाचवीत घेतलं. दोन गणितं तोंडी बरोबर आली, एक चुकलं. फाटकापर्यंत मी कसाबसा दम धरला.

"कुठलं चुकलं गं?"

"ते बाईंनी समजावलं," ती म्हणाली आणि धाकटीचा हात धरून माझ्या पुढे चालू लागली.