तिकडचं तेल आणि आमचा बगीचा

माझा मुलगा अमेरिकेत तेलाच्या विहिरींवर कामाला आहे. तिकडे खडक फोडून तेल आणि गॅस काढतात. किती निघालं त्याचा आकडा दर महिन्याला येतो. नोकरी गेली तर तो पांढुर्ण्याला येऊन संत्र्याचा बगीचा पाहणार, नाहीतर मी बगीचा शेजाऱ्याला बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने देणार. माझे गुडघे आता चालत नाहीत.

परवा फोनवर म्हणाला, "आई, या महिन्यात तेल वाढलं."

"मग नोकरी पक्की?"

"नाही ना. कमी विहिरी खोदून जास्त तेल निघून राहिलं, म्हणून माणसं कमी करून राहिले."

"अन् मागं तेल घटलं तवा?"

"तवाही माणसं काढले."

"मग आकडा पाहता कायले?"

तो हसला. नवी विहीर पहिल्या वर्षी भरभरून देते, मग आटते, तेल घटलं की गॅसचा वाटा वाढतो, असं काहीबाही सांगू लागला. आमचं झाड आधी काही वर्षं नुसतं पाणी पितं आणि मग कुठे फळतं. मी म्हटलं, "बहार फुटावा म्हणून काही दिवस झाडाचं पाणी तोडतो, तसा विहिरीले ताण देऊन पाहा."

"आई, ते झाड नाही."

बगीच्याची वाट पाहणारा शेजारी ओट्यावर बसला होता. "काय ठरलं, काकू?"

"तेल वाढलं."

"म्हणजे तो येते का नाही?"

"मले काय माहीत! या सालचा बगीचा तू कर."

तो खूश होऊन गेला. मुलगा येणार की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.