बॅटरी काढली का?

आमच्या दुकानात दुरुस्तीला मशीन एकटं कधी येत नाही. त्याच्याबरोबर माणूस येतो आणि माणसाबरोबर गोष्ट येते. मशीन दोन दिवसांत परत जातं, गोष्ट मात्र आमच्याकडेच राहते. अकरा वर्षांत इतक्या साठल्यात की रात्री ताटावर बसलो की बायको म्हणते, "आज कुणाचं काय कापलं ते आधी सांग, मग वाढते!"

दुकान बेंगळुरूच्या शिवाजीनगरला, बस स्टँडपासून दोन गल्ल्या आत. बागेची अवजारं विकतो, दुरुस्त करतो. मी निपाणीचा, काउंटरवर असतो. आणि आमचे बसूअण्णा, चिकोडीकडचे. तीस वर्षं त्यांनी झाडं उतरवली. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून बॅटरीवरचा चेन सॉ, म्हणजे साखळीची करवत, घेणाऱ्यांना तो चालवायला शिकवतात. दुकानामागे एक ओंडका ठेवलाय, तोच त्यांचा वर्ग.

पहिला धडा ठरलेला. "पेट्रोलचं मशीन ओरडतंय, म्हणून माणूस त्याला भितो. हे गप्प बसतंय. ह्याला जास्त भ्यायचं!"

*

सौरभ नागपूरचा, एचएसआर लेआउटमध्ये राहणारा, आयटीतला. मशीन ऑनलाइन घेतलेलं. एका शनिवारी तणतणत आला.

"दादा, डिफेक्टिव्ह पीस आहे. एक तास झाला, फांदी कापतच नाही. नुसता धूर निघून राहिला!"

बसूअण्णांनी आधी बॅटरी काढली, मग मशीन उलटंपालटं करून बघितलं. चेन उलटी बसवलेली! दात मागे तोंड करून बसलेले. बिचारा तासभर लाकूड घासत होता.

मला हसू आवरेना. सौरभ कानापर्यंत लाल. बसूअण्णा मात्र गंभीर. "तू एक तासात आलास की रे. मी पहिल्यांदा बसवली तेव्हा दोन दिवस तसाच कापत होतो. मालकाला सांगितलं, ह्या गावचं लाकूडच कडक आहे!"

सौरभ हसला, मग आम्ही तिघंही हसलो. चेन सरळ बसवून दिल्यावर त्यानं हळूच विचारलं, "खरंच दोन दिवस?"

"तीन," अण्णा म्हणाले. "पण तुला एवढं सांगायची गरज नव्हती."

*

मृणाल पुण्याची. नवीन घर, मागे अंगण, अंगणात पेरूचं झाड. तिच्याएवढे प्रश्न आम्हाला आजवर कुणी विचारले नाहीत. हेल्मेट कुठलं, बूट कसले, खांद्याच्या वर का धरायचं नाही, शिडीवर का चढायचं नाही. सगळं वहीत लिहून घेतलं. मी अण्णांना म्हटलं, "ह्या बाई कापणार कधी?"

आठवड्यानं फोन आला. आवाज रडवेला. "अण्णा, फांदी मध्येच बसली. मशीनची चेनवाली पट्टी आत अडकलीये. ओढलं तरी निघत नाही."

"बॅटरी काढली का?"

"काढली."

"मशीन कुठे आहे?"

"झाडातच लटकतंय."

"आणि तुम्ही?"

"मी घरात. चहा करतेय."

"मग रडताय कशाला? मशीन झाडावर आणि तुम्ही खाली, बरोबर आहे की! उलटं झालं असतं तर फोन दुसऱ्या कुणाला तरी करावा लागला असता!"

दुसऱ्या दिवशी आम्ही सोडवायला गेलो. रात्री पाऊस पडून गेलेला. मृणालनं मशीनला आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी घातली होती. गुलाबी. फुलाफुलांची.

*

आवाज नसलेल्या मशीनचा खरा त्रास आम्हाला एका गल्लीत कळला. अण्णा एका बंगल्यातली वाळकी फांदी कापत होते. दोन कापांच्या मध्ये मशीन थांबलं की एकदम शांत. लोकांना वाटायचं, काम संपलं. शेजारच्या अक्का सरळ फांदीखाली येऊन उभ्या! मान वर करून अण्णांना विचारतायत, "आमच्याकडचा नारळ कधी बघताय?"

"अक्का, आधी बाजूला व्हा!"

"स्वल्प बोलायचंय फक्त!"

अण्णांनी मशीन खाली ठेवलं, अक्कांचा हात धरून त्यांना त्यांच्या फाटकाशी नेऊन सोडलं, मग परत आले. दहा मिनिटांत अक्का पुन्हा हजर. ह्या वेळी चहा घेऊन! रागवायचं तरी कसं?

तेव्हापासून दोरी बांधतो आणि शिट्टी घेऊन मी उभा राहतो. चहा दोरीपाशी स्वीकारला जातो.

*

आता माझी गोष्ट. ही मी बायकोला अजून सांगितलेली नाही.

वादळी पावसानंतरची सकाळ. गल्लीत मोठी फांदी आडवी पडलेली, दोन्ही बाजूंना गाड्या अडकलेल्या, लोक हॉर्न वाजवतायत. मी घाई केली. पट्टीचं टोक पानांआड कुठे लागतंय ते बघितलंच नाही. आतल्या दुसऱ्या फांदीला टोक टेकलं मात्र, मशीन उसळून सरळ तोंडावर आलं!

पुढचा दांडा मनगटावर आपटून ब्रेक लागला आणि चेन थांबली. हेल्मेटच्या जाळीवर टक् असा आवाज झाला. एवढंच. एका सेकंदाचं काम.

हॉर्न चालूच होते. मी फुटपाथवर बसलो. वाटलं, आता अण्णा चारचौघांत सोलून काढणार. ते आले, हातातलं मशीन काढून घेतलं, शेजारी बसले. जाळीवरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं.

मग म्हणाले, "घरी फोन कर."

"काय सांगू?"

"काही सांगू नको. जेवायला काय केलंय, विचार."

मी विचारलं. वांग्याची भाजी होती. मला वांगं आवडत नाही. त्या दिवशी तिला म्हटलं, "दोन भाकऱ्या जास्त टाक!"

*

आणि घोरपडेकाका. इंदिरानगरचे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड. पस्तीस वर्षं कारखान्यात लेथ चालवलेली. दारातलं बटरफ्रूटचं, म्हणजे अव्होकाडोचं झाड वाळून घरावर कललं होतं. मुलीच्या जन्माच्या वर्षी स्वतः लावलेलं. तोडायची परवानगी हातात होती, मशीनही मागवलेलं. आमच्याकडे आले ते शिकायला.

बसूअण्णा म्हणाले, "हात पुढे करा, काका."

काकांनी केले. दोन्ही हात थरथरत होते. काकांनी ते लगेच खिशात घातले.

"हे मशीन तुम्हाला नको," अण्णा म्हणाले.

"माझं झाड आहे!" काका ओरडले. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "मी लावलंय. परक्या माणसानं का तोडायचं?"

अण्णांनी काकांना खुर्ची दिली. मग विचारलं, "कारखान्यात मशीन चालू करायच्या आधी कोण तपासायचं?"

"मी. माझ्या सहीशिवाय शिफ्ट सुरू होत नव्हती."

"मग रविवारी झाडापाशी सही तुमची. कापतो मी. पण बॅटरी तुमच्या हातात. तुम्ही दिलीत तरच मशीन चालणार."

रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून, हेल्मेट चढवून झाडापासून लांब खुर्ची टाकून बसले. अण्णा बॅटरी मागायला गेले. काकांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मशीन मागवून घेतलं, चेन बोटानं उचलून बघितली.

"सैल आहे. रिजेक्ट!"

आणि खरंच सैल होती! तीस वर्षांच्या उस्तादानं खाली मान घालून चेन ताणली. त्या दिवशी काकांनी बॅटरी अकरा वेळा दिली आणि अकरा वेळा परत घेतली. शेवटचं खोड आडवं झालं तेव्हा उठून त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले. आम्ही दोरी गुंडाळत बसलो, तिकडे बघितलं नाही.

संध्याकाळी काका रिक्षानं दुकानात आले. पिशवीतून बॅटरी काढून काउंटरवर ठेवली.

"मशीन घरी राहू दे. ही तुमच्याकडे ठेवा."

"का हो, काका?" मी विचारलं.

"कुंपणाला चिक्कूची फांदी आलीय. हात शिवशिवतात." मग अण्णांकडे वळून म्हणाले, "मी स्वतः मागायला आलो तरी द्यायची नाही. काय?"

"सरी, नाही देत," अण्णा म्हणाले आणि बॅटरी वरच्या फळीवर ठेवली.

पुढच्या शनिवारी काका आले. चहा घेतला. फळीकडे बघितलं.

"चार्ज आहे ना?"

"आहे," अण्णा म्हणाले.

"बरं," म्हणून काका रिक्षा बघायला बाहेर गेले.