हलगर्जी सून

हिंदी मुलखातल्या नेपियर टाउन वस्तीत कोचिंगच्या पोरांना घरचे डबे पुरवणाऱ्या पार्वताबाई माणूस दिसला की त्याचा स्वभाव सांगून मोकळ्या होत. दूधवाला उशिरा आला तर आळशी, शेजारीण बोलली नाही तर घमेंडी. त्यांची स्वतःची भाजी करपली तर मात्र फोन आलेला असायचा, नाहीतर गुडघा दुखत असायचा. आपल्यापाशी कारणं आणि दुसऱ्यापाशी खोडी! आता यात त्या एकट्याच, असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल म्हणा.

सुनेचा, लतिकाचा, निकाल तर केव्हाच लागला होता. तिनं आंबलेलं वरण डब्यात भरलं. सडका कोबी खुशाल चिरला. दूध करपून धूर निघाला तरी बाजूच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसली. "हलगर्जीपणा तिच्या रक्तातच आहे वो!" पार्वताबाई गल्लीभर सांगत. काही पोरांनी डबा बंद केला, तेव्हा हेच लतिकाच्या तोंडावर बोलल्या. ती पोळ्या लाटत राहिली.

त्या सकाळी पार्वताबाईंनी चहा ठेवला आणि बाहेर पनागर गावच्या मटारवाल्याची हाक आली. गेल्या धावत. "भैया, कैसे दिए?" करता करता घासाघीस रंगली. पिशवी भरून दारात येतात तर गॅसचा भपकारा! चहा उतू जाऊन शेगडी विझलेली, गॅस सुरूच, आणि अंघोळ करून आलेली लतिका लायटर घेऊन शेगडीवर वाकलेली.

"लतिकाऽऽ! हात हटव!"

पिशवी तिथंच टाकून बाईंनी बटण बंद केलं, खिडक्या सताड उघडल्या, सुनेला ओढत अंगणात आणलं. बाप रे, एक ठिणगी पडली असती तर दोघींची राख झाली असती!

"चहा मीच ठेवला होता, पण तो भैया निघून चालला होता ना..." कारण तयारच होतं. मग त्या उसळल्या. "पण तुले वास नाही आला? एवढा भपकारा सुटून राहिला!"

"मले वास येतच नाही, आई. कोरोनाच्या तापापासून. कशाचाच नाही."

"आँ? मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणाल्या, कामातून सुटायचे बहाणे आहेत."

खरंच म्हणाल्या होत्या. पार्वताबाई पायरीवर टेकल्या. "अगं माय! म्हणजे ते वरण, तो कोबी... तुझी चूकच नव्हती! आणि मी तुले इतके दिवस..."

"नाही वो, आई." लतिकाच्या आवाजात टोमणा नव्हता, ती सासूची समजूत घालत होती. "नाकाचं काय, बहाणाच तो. मी आहेच हलगर्जी. आपल्या चिनूलेही रोज सांगते, बेटा, मम्मी जैसी मत बनना."

पार्वताबाई चपापल्या. नातीलाही? हे आपल्या जिभेनं केलं?

"चला, ओटा पुसून घेते," लतिका आत वळली. "माझं लक्षच नसते, पाहा ना, केवढा चहा सांडला."